विहिरीतलं कासव

"एकच वाक्य द्याल का, बाबा? छोटंसं. पण लागू पडणारं."

पुरीबाबा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे होते देवस्थळी सर. संसारात मन शांत कसं ठेवावं, यावर तालुक्याच्या गावी व्याख्यानं देतात. घरात भिंतीभिंतीवर त्यांची वाक्यं. ओट्याच्या वर 'आधी श्वास, मग शब्द'. दारात 'चपलेबरोबर चिंताही बाहेर'. न्हाणीघरात काय लिहिलंय, ते मी सांगत नाही. या वाक्यांचा दरारा असा, की त्यांच्याकडचा कुकरसुद्धा आधी श्वास घ्यायचा आणि मगच शिट्टी द्यायचा. हे मला त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि शेजारी कशाला खोटं बोलतील?

असा माणूस टेकडी चढून गोसाव्याच्या मठात वाक्य मागायला आला होता.

"तुझ्याकडची संपली काय, मास्तर?"

"आहेत. पण एकही चालत नाहीये."

मग सरांनी सांगितलं. त्यांची लेक मृण्मयी सासरहून अचानक आली होती. एकटीच. सण नाही, कार्य नाही. उद्या सकाळच्या गाडीनं परत जायचं म्हणत होती. का आली, ते कुणालाच कळलं नव्हतं. ताटातलं ताटातच राहायचं. आईनं विचारलं तर म्हणाली, मला बाबांशी बोलायचंय.

"मग बोलली?"

"सुरुवात केली होती. म्हणाली, बाबा, मला तिथं… मी लगेच वाक्य दिलं. 'जिथं रुजू, तिथंच फुलू.'"

"बरं."

"उठून आत गेली."

बाबांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. टरफल त्यांनी बाजूला ठेवलं.

"काल पुन्हा येऊन बसली," सर म्हणाले. "म्हणाली, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. आता झोपेवर माझं एक फार चांगलं वाक्य आहे…"

"दिलंस?"

"दिलं."

…

"गोष्ट ऐकशील?" बाबांनी विचारलं.

आता इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. सांगणाऱ्यानं थांबायचं, ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणायचं, मग गोष्ट पुढं सरकते. हुंकार नसला, की पुरीबाबांची गोष्ट जागच्या जागी बसायची. एकदा म्हणे ऐकणाऱ्याला डुलकी लागली, आणि गोष्टीतला राजा घोड्यावर एक टांग टाकून सबंध पावसाळाभर तसाच लटकून राहिला. राजाचं काही नाही, घोडा बिचारा वाळला.

"एक विहीर होती," बाबा म्हणाले.

"विहीर म्हणजे मन," सर म्हणाले.

बाबा थांबले.

…

"विहिरीत एक कासव होतं."

"कासव म्हणजे संयम. हे माझ्या व्याख्यानात येतं."

बाबा पुन्हा थांबले. या खेपेला असे थांबले, की आंब्यावरचा कावळा खाली उतरला आणि सोललेले दाणे एकेक करून खाऊ लागला. झाडाची सावली सरांच्या गुडघ्यावर आली. सरांनी कासवाचे आणखी अर्थ लावून पाहिले. ढालीचा लावला, म्हातारपणाचा लावला. कासव हललं नाही.

शेवटी सर दमले. घसा कोरडा पडला. खाली गावाची कौलं दिसत होती, त्यातलं एक घर त्यांचं. त्या घराकडं ते बघत राहिले.

"कासव रोज वर यायचं," बाबा हळूच म्हणाले. "काठाकडं बघायचं. आणि परत बुडी मारायचं."

सरांनी तोंड उघडलं. मिटलं.

…

"हं," ते म्हणाले.

"एक दिवस वर आलं, ते बुडालंच नाही. काठावर एक माणूस बसला होता. त्याच्याकडं बघत राहिलं."

"हं… मग?"

बाबा उठले. घोंगडीवरची टरफलं त्यांनी झटकली. कावळा उडाला.

"बाबा, माझं वाक्य राहिलं."

"मिळालं की तुला."

सर जागीच बसून राहिले. ओठ नुसते हलत होते, मघाचं 'हं… मग?' पुन्हा म्हणून बघितल्यासारखे. मग एकदम उठून चपला शोधू लागले. एका पायात घातली, दुसरी हातातच राहिली. तसेच उतरणीला लागले, आणि वळणावर थबकले.

"पण त्या कासवाचं पुढं काय झालं?"

बाबा आत निघाले होते.

"मला काय ठाऊक? घरी जा. लेक सांगेल."