अकरावा पलीकडं राहिला

एका गावात एक सोडून दोन न्यायसभा होत्या. घरदार असलेल्यांची चावडीत भरे. ज्यांना घर नाही, जे लढाईवरून परतले पण माणसांत रमले नाहीत, ज्यांचं मन थाऱ्यावर नाही, अशांची नदीकाठच्या चिंचेखाली. चिंचेखालचा रिवाज जगावेगळा. आरोपीला चौरंगावर बसवायचं, न्यायाधीशानं जमिनीवर बसायचं, आणि आरोपी आपणहून तोंड उघडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मग दिवस मावळला तरी बेहत्तर!

नवे न्यायाधीश केसोपंत भारी घाईचे. त्यांच्यापुढं पहिलाच खटला आला तो रुमाजी नाइकाचा. हा म्हातारा शिपाई रोज भर दुपारी नदीच्या उतारावर, पाणी ओलांडायच्या जागी, काठी आडवी धरून उभा राही आणि कुणाला पाण्यात पाऊल घालू देत नसे. बाजाराला जाणारी माणसं मेटाकुटीला आली होती.

"का रे अडवतोस?" पंतांनी उभ्या उभ्याच विचारलं. रुमाजीनं तोंड फिरवलं. "बहिरा आहेस की काय?" रुमाजी नदीकडं बघत राहिला.

"पंत, जरा दम धरा," पाणी घेऊन आलेली मंजुळाकाकू म्हणाली. "आधीचे न्यायाधीश तीन तीन दिवस बसायचे."

"म्हणून तर खटले तुंबले!" पंत उसळले. "उद्या दुपारी चौघांनी याला उचलून गावाबाहेर काढावं."

काकूनं कपाळावर हात मारला. या वयात म्हाताऱ्याला परक्या मुलखात भाकर कोण देणार होतं? तो चार दिवससुद्धा तगला नसता.

दुसऱ्या दिवशी पंत स्वतः उतारावर गेले. चौघे अजून यायचे होते. नदीला घोटाभर पाणी. वारा पडलेला, चिंचेचं पान हलत नव्हतं. रुमाजी काठी धरून उभा होताच. पंत त्याला खडसावणार, तोच पाण्यात आवाज झाला. छप्. छप्. कुणीतरी नदी ओलांडत होतं. आणि नदीत तर चिटपाखरू नव्हतं!

मग तापलेल्या खडकावर एक ओलं पाऊल उमटलं. त्यामागं दुसरं. जोडीमागून जोडी काठावर आली आणि पंतांच्या पुढ्यात ओळीनं थांबली. पंतांची बोबडी वळली. पळावं तर पाय उचलेना. ते मटकन खाली बसले, जमिनीवर, गप्प. रिवाज पाळला गेला तो असा!

बऱ्याच वेळानं रुमाजी आपणहून बोलला.

"माझ्याच हुकमानं माझी तुकडी पुरात उतरली, साहेब. माझ्यासकट अकरा जण. रोज दुपारी मोजतो, रोज दहाच भरतात. एक जण पलीकडंच राहतो. तो आल्याबिगर दुसऱ्या कुणाला पाण्यात कसं जाऊ देऊ?"

"नावं सांगा, नाईक," पंत कसेबसे म्हणाले.

एकेका पाऊलजोडीपाशी काठी टेकत रुमाजीनं नावं घेतली. बयाजी. सुभाना. धाकला हिरोजी. दहावं नाव झालं आणि काठी थांबली.

"आणि अकरावा?"

रुमाजीनं काठी उचलून पलीकडच्या काठाकडं दाखवली. अकरावा कोण, हे पंतांना कळलं होतं. भीती गिळून ते उठले. त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरला, त्याला पाण्यातून पलीकडं नेलं आणि तसंच हाताला धरून परत आणलं.

"मोजा, नाईक."

रुमाजीनं खाली पाहिलं. "अकरा," तो म्हणाला, आणि पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. काठी हातातून गळून पडली.

चौघे आले तेव्हा पंत त्यांना म्हणाले, "निकाल चुकला होता. नाईक गावातच राहतील." खडकावरच्या दहा जोड्या तोवर वाळल्या होत्या. अकरावी ओलीच होती, कारण तिच्यात माणूस उभा होता.

तात्पर्य: वाट हरवलेल्याला हाकलून देणं म्हणजे न्याय नव्हे. आधी त्याचं ऐकावं, मग तो जिथं अडकलाय तिथून त्याला हाताला धरून परत आणावं.