उभ्या घराची मेढ

फार पूर्वी समुद्राकाठी एक गाव होतं. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला टेकडी. त्या गावावर समुद्राचा मोठा वारा येई. दर वर्षी येत नसे, पण आला की छपरं उडत, माड आडवे होत, आणि ज्याचं घर गेलं तो माणूस पडक्या भिंतीकडे बघत नुसता बसून राही.

म्हणून गावातल्या जुन्या माणसांनी एक रीत घातली होती. टेकडीवर त्यांनी एक कोठार बांधलं. दर उन्हाळ्यात प्रत्येक घराने आपला वाटा तिथे नेऊन द्यायचा: एक चांगला सरळ लाकडी खांब, काथ्याच्या दोराचं एक वेटोळं आणि छपरावर घालायच्या, माडाच्या पात्यांच्या विणलेल्या झापांचा एक भारा. ज्याचं घर वारा नेईल, त्याला गावाने या कोठारातून नवं घर उभं करून द्यायचं. ज्याचा वाटा चुकला, त्याचा त्या वर्षीचा हक्क गेला. गरीब असो की श्रीमंत, नियम सगळ्यांना सारखा.

कोठार सांभाळणाऱ्याला कोठावळा म्हणत. पहिला कोठावळा फार किरकिऱ्या म्हातारा होता. वाटे जमा झाले की तो काठी घेऊन गावात उतरे आणि घरोघरी जाई. खांबावर काठी आपटून आवाज ऐके, छपराचे दोर ओढून पाही. हा खांब पोकळ झाला, बदला. ही गाठ सैल आहे, पुन्हा बांधा. ज्याच्याकडे बदलायला खांब नसे, त्याला तो कोठारातला देई आणि वर चार शब्द सुनावी. लोकांना त्याचा वैताग येई. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की बायका एकमेकींना म्हणत, "आला गं, चूल सोडा आणि दोर धरा."

म्हातारा गेला आणि गावाने नवा कोठावळा नेमला. हा गोड बोलणारा, टापटिपीचा माणूस होता. त्याने कोठार झाडून घेतलं, खांबांची नीट रास लावली, कोठाराला नक्षीचं दार बसवलं आणि दाराला कुलूप लावलं. मग त्याने गावात दवंडी पिटवली. यापुढे कोणी तुमच्या घरात येऊन काठी आपटणार नाही. कोणी तुमच्या गाठी तपासणार नाही. "वाटा द्या आणि निर्धास्त झोपा."

खरं सांगायचं तर गावाला ते फार आवडलं. म्हाताऱ्याची काठी कोठारातल्या खुंटीला टांगली गेली आणि तिच्यावर धूळ बसली.

पुढे कित्येक वर्षं मोठा वारा आला नाही. कोठार भरत गेलं. सोयरीक जमवायला पाहुणे आले की गावकरी त्यांना टेकडीवर नेऊन नक्षीचं दार दाखवत आणि म्हणत, "आमच्या गावात मुलगी द्यायला भिऊ नका." शाकारणीच्या दिवसांत पूर्वी सगळं गाव छपरांवर चढलेलं असे. आता छपरांवर फक्त कावळे बसत.

या गावात अगदी समुद्राच्या बाजूला एक मीठवाला राहत होता. घरात तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. आईला ऐकू कमी येई, पण जीभ तिखट होती. दिवसभर ती घराच्या मधल्या खांबाला पाठ टेकून जाळी विणत बसे. या मधल्या खांबाला मेढ म्हणतात. सगळं छप्पर तिच्यावर असतं.

एका उन्हाळ्यात म्हातारी खांदा झटकत म्हणाली, "अरे, हे पीठ कुठून सांडतंय?"

मीठवाल्याने पाहिलं. मेढीतून बारीक भुसा गळत होता. त्याने बोट दाबलं तर ते आत गेलं. वाळवीने मेढ आतून खाल्ली होती.

त्या वर्षी त्याच्याकडे चांगला खांब एकच होता. जंगलातल्या लोकांना मीठ देऊन त्याने तो वाट्यासाठी आणला होता आणि त्याच्या टोकाला खूण म्हणून चुन्याचा गोल काढून ठेवला होता. बायकोने त्याला विनवलं की हा खांब आपल्याच घराला लावू या. पण मग वाटा चुकला असता, आणि वाटा चुकल्यावर वारा आला असता तर तिघांनी जायचं कुठे? शिवाय सगळं गाव देतं आणि आपण द्यायचं नाही, हे त्याच्या मनाला पटेना. तो म्हणाला, "कोठावळ्याला विचारून पाहतो. एवढं कोठार भरलंय, तो नाही म्हणणार नाही."

खांब खांद्यावर घेऊन तो टेकडी चढला. त्याने कोठावळ्याला सगळं जसं होतं तसं सांगितलं. हा माझा वाटा घ्या, पण आतला एक खांब मला द्या, नाहीतर हाच परत नेऊ द्या, पुढच्या वर्षी दोन देतो, असं म्हणाला.

कोठावळ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं घर पडलंय का?"

"नाही. अजून उभं आहे."

"मग पडलं की या."

मीठवाल्याने खांब खांद्यावरून उतरवला. कोठावळा समजावणीच्या सुरात म्हणाला, "भाऊ, रागावू नका. कोठार पडलेल्या घरांसाठी आहे. उभ्या घरांना वाटत सुटलो, तर पडलेल्यांना काय देऊ?"

हे बोलणं मीठवाल्याला शहाणपणाचं वाटलं. त्याने खांब राशीवर ठेवला आणि तो रिकाम्या हाताने खाली आला. घरी येऊन त्याने मेढीला एका वाशाचा टेका दिला. शेजारचा लोहार दारातून डोकावून म्हणाला, "काय रे, मेढीच्या हातात काठी दिलीस? म्हातारी झाली वाटतं." लोहार हे मोठ्याने बोलला होता, म्हणून आईला ऐकू गेलं. ती म्हणाली, "माझ्याआधी नाही हो जायची ती." सगळे हसले.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मोठा वारा आला.

सकाळी समुद्र काळा पडला आणि दुपारपर्यंत माड वाकून जमिनीला टेकायला लागले. लोक पोरंबाळं घेऊन टेकडीवरच्या धर्मशाळेकडे पळाले. मीठवाल्याने आईला पाठुंगळीला घेतलं, बायकोला पुढे घातलं आणि दोघींना धर्मशाळेत पोचवलं. मग तो परत फिरला. बायकोने त्याचा हात धरला.

"मेढीला अजून एक टेका लावून येतो," तो म्हणाला. "आईला बसायला जागा राहिली पाहिजे ना."

तो आला नाही. वारा ओसरल्यावर लोक खाली गेले, तेव्हा घर पडलेलं होतं. मेढ मधोमध मोडली होती आणि तो तिच्याखाली होता. त्याच्या हातात टेक्याचा वासा तसाच होता.

पुढचे काही दिवस धर्मशाळेत म्हातारी जेवायला बसली की शेजारी एक पान जास्त मांडायची. सून ते उचलायची नाही. दोघींचं जेवण होईपर्यंत ते तिथेच असायचं.

मग कोठावळा पडलेली घरं पाहायला निघाला. आपलं कोठार आता उघडेल अशी लोकांची समजूत होती. पण तो प्रत्येक ढिगाऱ्यापाशी वाकून बराच वेळ पाहत राहिला. कोळ्याला म्हणाला, तुमच्या छपराचे दोर जुने होते, हा वाऱ्याचा दोष नाही. विणकराला म्हणाला, तुमचे झाप विरळ होते. एका विधवेला म्हणाला, तुमच्या घरावर शेजारचा माड पडला. घर माडाने पाडलं, वाऱ्याने नाही. ज्याने ही घरं उभी असताना त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, तो आता पडलेल्या घरांच्या गाठी तपासत होता. आणि लोक मान खाली घालून ऐकत होते, जणू वारा त्यांनीच बोलावला होता.

सगळं पाहून झाल्यावर धर्मशाळेच्या अंगणात गाव जमलं. मीठवाल्याची बायको सासूचा हात धरून पुढे आली. कोठावळा उठून उभा राहिला. त्याने गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द काढले. मीठवाल्याने कधी वाटा चुकवला नाही, असा सरळ माणूस गावात दुसरा नव्हता, असं तो म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला.

"पण वहिनी, नियम सगळ्यांना सारखा. तुमचं घर वाऱ्याने पडलं नाही. तुमची मेढ वाळवीने खाल्लेली होती."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"त्यांनीच. उन्हाळ्यात आले होते, तेव्हा स्वतः सांगितलं. ते खोटं बोलणारे नव्हते."

  ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांचा मुलगा गेलाय. त्यांना जरा मोठ्याने सांगा, तुम्हाला हे कधीपासून ठाऊक होतं."

कोठावळ्याने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हातारीजवळ वाकून तो म्हणाला, "उन्हाळ्यापासून."

"आणि तो तुमच्याकडे काय मागायला आला होता, तेही सांगा."

"एक खांब."

"मोठ्याने. त्यांना ऐकू गेलं नाही."

"एक खांब मागायला आला होता," कोठावळा म्हणाला. त्याचा तो गोड आवाज आता फाटला होता.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

  त्याने तितक्याच मोठ्याने सांगितलं, "पडलं की या, असं म्हणालो."

म्हातारीने हे ऐकलं. तिने आपला हात सुनेच्या हातातून सोडवला आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू कोण आहे ते नीट ओळखून घेत होती.

"आम्हाला निर्धास्त झोपा म्हणून दवंडी पिटवलीस," ती म्हणाली. "आमची मेढ पोकळ आहे हे तुला ठाऊक होतं. मग तुला रे कशी झोप लागली?"

कोठावळा पुटपुटला, उभ्या घरांना देत बसलो असतो तर पडलेल्यांना काय उरलं असतं? उन्हाळ्यात हेच बोलणं शहाणपणाचं वाटलं होतं. आता लोहार उठून उभा राहिला. दारातून केलेली ती थट्टा आठवून, मीठवाला गेल्यापासून तो कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

"तेव्हा एका खांबाने भागलं असतं," लोहार म्हणाला. "आता मेढ लागेल, आढं लागेल, वासे लागतील, दोर लागेल, झाप लागतील. सगळं घर लागेल. आणि ते दिलं तरी त्यात राहायला तो नाही." मग तो गावाकडे वळला. "आणि आपण सगळे काय करत होतो? म्हाताऱ्याची काठी गेली म्हणून पेढे वाटायचे तेवढे राहिले होते आपले."

मग एकेक जण बोलू लागला. वारा येण्याआधी कोळी दोर मागायला गेला होता. विणकर झाप मागायला गेला होता. दोघांनाही तेच उत्तर मिळालं होतं, आणि दोघांनाही ते शहाणपणाचं वाटलं होतं.

गाव कोठाराकडे निघालं. कोणी आरडाओरडा केला नाही. लोहाराने हात पुढे केला आणि कोठावळ्याने त्यात किल्ली ठेवली. दार उघडलं. आत खांबांची रास आढ्यापर्यंत पोचली होती. दोरांची वेटोळी एकावर एक रचलेली होती, झापांचे भारे भिंतींना टेकलेले होते. सबंध गाव दोनदा उभारता आलं असतं एवढं सामान तिथे कोरडं, स्वच्छ, कोणीही हात न लावलेलं पडून होतं. आणि राशीच्या पुढच्या कडेला, दारासमोरच, चुन्याचा गोल काढलेला एक खांब होता.

मीठवालीण पुढे झाली आणि तिने त्या गोलावर तळवा ठेवला.  मग म्हणाली, "हा आमच्या घराला लावा."

त्या आठवड्यात गावाने सगळ्यांची घरं उभी केली. दोर जुना होता का आणि माड कोणाचा होता, हे कोणी विचारलं नाही. कोठावळ्याला त्याच्या कामातून काढलं. नक्षीचं दार उतरवलं आणि ते धर्मशाळेत म्हाताऱ्या माणसांना बसायला बाक म्हणून टाकलं. कोठाराला पुन्हा कधी दार बसवलं नाही. खुंटीवरची काठी लोहाराने झटकली आणि ती मीठवालिणीच्या हातात दिली.

पुढच्या उन्हाळ्यापासून ती घरोघरी जाऊ लागली. खांबावर काठी आपटायची, कान लावायची, दोर ओढून पाहायची. चार वर्षं गेल्यावर लोक पुन्हा कुरकुरायला लागले. ती त्याकडे लक्ष देत नसे. एकदा ती कामावरून काढलेल्या त्या कोठावळ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तो घाबरून उठला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या घराला काही झालेलं नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या मेढीवर काठी आपटली आणि कान लावला. आवाज पोकळ आला. ती काही न बोलता निघून गेली, आणि ऊन उतरायच्या आत दोन गडी कोठारातला खांब घेऊन त्याच्या दारात हजर झाले.

त्या गावात आजही वाऱ्याचे दिवस जवळ आले की लोक टेकडीवर जाऊन कोठारात डोकावतात. ते रिकामं दिसलं की सामान घराघरांना लागलं म्हणून समाधानाने घरी येतात. भरलेलं दिसलं, तर कोणाच्या घराकडे पाहायचं राहून गेलं आहे ते शोधायला निघतात.

या गोष्टीचं तात्पर्य: उभ्या घराला एक खांब नाकारायचा आणि ते पडल्यावर दोष शोधायला यायचं, याला राखण म्हणत नाहीत. ज्याने संकटाआधी येऊन पाहिलं नाही, त्याला संकटानंतर हिशेब मागायचा हक्क नाही. आणि ज्या गावाने त्याला वेळेवर जाब विचारला नाही, ते गावही त्या मेढीखाली दबलेल्या माणसाचं देणं लागतं.