न गोठणारी पायरी

हळू. आधी बसा, पाहुणे. याच पायरीवर बसा. इथे फक्त एकटं आलेलं माणूस बसतं. कप दोन्ही हातांत धरा. कोकाच्या पानांचा काढा आहे, गरम आहे तोवर घोट घोट घ्या. बोलू नका. कप रिकामा होईपर्यंत इथे तुम्हाला कोणी नावगाव विचारणार नाही.

तोवर पायापाशी बघा. जून महिना, आमचा ऐन हिवाळा. खालच्या चौकापासून वर चर्चपर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत आणि सगळ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरलाय. या एकेचाळिसाव्या पायरीच्या खळग्यात मात्र पाणी आहे तसंच आहे. बोट बुडवून चाखलंत तर खारट लागेल.

मी इथे चाळीस वर्षं बूट शिवत बसतो. शाळेत फार गेलो नाही. या पाण्याची गोष्ट आईने सांगितली तशीच सांगतो. दुसऱ्या शहरांतले लोक पाहुण्याला आपल्या शूर माणसांची गोष्ट सांगतात. आमच्या वाय्रामार्कात जी गोष्ट सांगतात, ती सांगताना मान खाली जाते.

आमचं हे शहर अँडीजच्या इतक्या उंचावर, की ढग खाली राहतात. इथे जन्मलेल्याला दम लागणं माहीत नाही. खालून आलेल्याला इथली हवा पुरत नाही, त्याचं डोकं गरगरतं, पाय लटपटतात, हे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. झोकांड्या खाणारा माणूस म्हणजे प्यालेला माणूस, एवढंच आमच्या लोकांना ठाऊक.

तेव्हा म्हणे, चर्चशेजारच्या लोकरवाल्यांच्या घरात समुद्राकाठची एक मुलगी सून होऊन आली. तिचं नाव इसिदोरा. आली ती चार दिवस उलट्या करत होती, चालताना भिंत धरत होती. तिची सासू, दोन्या बेर्ता, शेजारणींना सांगायची, "आमच्या सूनबाईंची लग्नातली दारू अजून उतरली नाही गं!" इसिदोरा जवळून गेली की नणंदा मासळीचा वास आल्यासारखं करून नाकाला शाल लावायच्या. मग इसिदोरा भिंत न धरता चालायला शिकली. खोटं बोलायलाही शिकली. "माझ्या वडिलांची सहा गलबतं आहेत," असं तिने एकदा सांगून टाकलं. सासरी जरा मान मिळाला. तिचा बाप पास्क्वाल अनवाणी माणूस होता, लव्हाळ्याच्या होडीतून एकटा जाळं टाकायचा.

तीन वर्षांनी इसिदोराला मुलगा झाला. निरोप किनाऱ्यावर पोहोचला. तिकडे रीत होती, बाळाचे पाय पहिल्यांदा समुद्राच्या पाण्याने धुवायचे. म्हणजे ते कुठेही गेलं तरी वाट चुकत नाही. पास्क्वालने एका मोठ्या भोपळ्यात समुद्राचं पाणी भरलं, तोंड मेणाने बंद केलं, भोपळा पाठीला बांधला आणि निघाला. नऊ दिवस चालत होता, असं सांगतात.

तो पोहोचला त्या दिवशी आमच्या संताचा सण होता. म्हाताऱ्याने शहर म्हणून कधी पाहिलेलं नव्हतं. सकाळपासून तो एकटाच गल्ल्या धुंडाळत फिरला. लोकरबाजारात गेला, विहिरीवर गेला, तांबटांच्या आळीत गेला. तीन दारांवर त्याने वाट विचारली. त्याचा तोल जाताना पाहून तिन्ही दारं बंद झाली. शेवटी घंटेच्या आवाजाच्या रोखाने तो या पायऱ्यांशी आला आणि चढू लागला.

वर संताची पालखी निघायची होती. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. इसिदोरा बाळाला घेऊन सासरच्या माणसांबरोबर वरच्या दारात उभी होती. पास्क्वाल या पायरीवर आला आणि गुडघ्यांवर पडला. ओठ निळे झालेले.

"काय बाबा, संताच्या आधीच तुमची मिरवणूक?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"पाठीवर भोपळा भरून आणलीय बघ! आम्हाला ठेव की थोडी!"

दोन्या बेर्ता सुनेकडे वळली. "काय गं, हा तुमच्या तिकडचाच दिसतो. ओळखतेस का?"

पास्क्वालने मान वर केली. त्याने लेकीला पाहिलं, तिच्या हातातलं बाळ पाहिलं. अख्ख्या शहरात एकट्या इसिदोराला माहीत होतं, की हा माणूस प्यालेला नाही. तिने हे सगळं स्वतःच्या अंगावर काढलं होतं. एक शब्द पुरला असता. त्याला कोणी उचललं असतं, गरम काही पाजलं असतं, खालच्या खोऱ्यात उतरवलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

एका माणसाने वाकून म्हाताऱ्याला विचारलं, "कोणाकडे आलास रे?"

पास्क्वाल लेकीकडे बघत होता, असं म्हणतात. मग त्याने नजर काढून घेतली. "कोणाकडे नाही," तो म्हणाला. "वाट चुकलो."

लोकांनी त्याला भिंतीकडे सरकवलं. पालखी गेली. माणसं त्याला वळसा घालून गेली. इसिदोराही पालखीमागून गेली. फिरून आली तेव्हा ऊन अजून पायऱ्यांवर होतं आणि बाप गेला होता. अंगाखाली भोपळा फुटला होता, आणि पाणी या दगडाच्या खळग्यात साठलं होतं.

तेव्हा ती ओरडली, "माझं माणूस आहे! हे माझं माणूस आहे!" सगळ्या पायऱ्यांनी ऐकलं. पण आता ऐकून काय उपयोग?

दोन्या बेर्ता खाली आली. तिने स्वतःची शाल काढून म्हाताऱ्यावर घातली. "तीन वर्षं मी हसले," ती म्हणाली. "तू सांगणार तरी कोणाला?" मग दोघींनी मिळून बाळाचे पाय त्या खळग्यात धुतले. इसिदोरा मरेपर्यंत रोज या पायरीवर किटली घेऊन बसायची. सासू होती तोवर तीही शेजारी असायची.

ते पाणी पुढे कधी गोठलं नाही. शिकलेली माणसं म्हणतात, कोणीतरी मीठ टाकत असणार. टाकतं. माझी आई टाकायची, आता मी टाकतो. पण आई म्हणायची, तिने टाकायच्या आधीही ते गोठत नव्हतं.

आजही या पायऱ्यांवर एकटं माणूस धापा टाकत आलं, की ज्याला ते पहिल्यांदा दिसेल त्याने मोठ्याने ओरडायचं, "माझं माणूस आहे!" मग खिडक्या उघडतात, कोणीतरी काढा आणतं. आणि ज्याला ओरडायला उशीर झाला, त्याने पाहुण्याला शेजारी बसवून ही गोष्ट सांगायची. सगळी, काही न गाळता.

खाली विसाव्या पायरीवर तुम्ही भिंतीला टेकलात, तेव्हाच मी तुम्हाला पाहिलं होतं. हातात एक टाका अर्धा होता. तो पुरा केला आणि मग हाक मारली.

कप रिकामा झाला का? आता सांगा, नाव काय तुमचं?