द्राक्षवेलीची पाठवणी

“वेल जागची हलता कामा नये, तिच्या अंगाला लोखंड लागता कामा नये, आणि तरी ती माझ्या लेकीच्या अंगणात गेली पाहिजे!” सोनवेढच्या राजा कीर्तिभानाने फर्मावलं आणि बागेतले सगळे माळी माना खाली घालून उभे राहिले.

दोष राजाच्या जिभेचाच होता. आईने मरताना त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की परसात तिने लावलेली द्राक्षवेल कधी उपटायची नाही, कधी कापायची नाही. पुढे राजकन्या कुमुद सासरी निघाली. मेण्यात बसताना ती रडत म्हणाली, “बाबा, तिकडे सगळं मिळेल हो, पण आजीची वेल कुठली मिळायला?” राजाचं काळीज पाघळलं. “हीच वेल तुझ्या अंगणात येईल!” असं तो बोलून बसला. आता दोन वचनं एकमेकांच्या उरावर बसली होती, आणि राजा तर दिलेल्या शब्दाला घोरपडीसारखा चिकटणारा!

“दिवाळसणाला कुमुद येईल. ती परत जाताना वेल बरोबर निघाली नाही, तर तुमची गाढवावरून धिंड! बोला, कोण करतो?”

मुख्य माळ्याच्या कमरेत तेवढ्यात उसण भरली. दुसऱ्याला गावाकडची आजारी आत्या आठवली. एकेक जण मागे सरकत गेला आणि उभ्याउभ्या डुलकी घेणारा हैबती एकटाच पुढे उरला.

“शाब्बास! तू करणार?”

हैबतीने दचकून मागे पाहिलं. “सरकार, मी पुढे आलो नाही, हे लोक मागे गेले! माझ्या हातून एक काम कधी सरळ झालेलं नाही. मी बांधलेला मांडव माझ्याच डोक्यावर पडतो!”

“मग धिंडीला तयार हो!”

“मी तयार आहे सरकार, पण त्या गाढवाचा काय गुन्हा?”

राजा काही हसला नाही. हैबती पाय ओढत घरी आला आणि ओट्यावर डोकं धरून बसला. त्याच्या दारातही एक द्राक्षवेल होती. पण तिची अवस्था अशी, की शेजारीपाजारी आपल्या पोरांना ती दाखवून म्हणत, “आळस केला की असं होतं!” फांद्या मांडवावर चढवायच्या, तर त्या जमिनीवर लोळत होत्या.

“राजाची वेल राहू द्या,” बायको ठकू म्हणाली, “आधी दारातली ही फांदी उचला. येता-जाता माझा पाय अडकतो. केव्हाची सांगते आहे!”

हैबतीने फांदी धरून ओढली. येईना! जोर लावला, तरी येईना. ओटा सारवताना उरलेली माती तो तिथेच टाकत असे. त्या मातीखाली फांदी दबली होती आणि तिच्या पेरांना चांगली पांढरी मुळं फुटली होती!

हैबती मटकन खाली बसला. “ठकू, अगं लोक राबून राबून शहाणे होतात. मी नुसता लोळलो, आणि बघ!”

“कौतुक पुरे. फांदी तेवढी उचला,” ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक फुटकी घागर खांद्यावर घेऊन तो राजवाड्यात गेला. कधी न कापलेली ती वेल परसभर पसरली होती. त्याने तिची एक लांब फांदी हळूच वाकवली. घागरीच्या फुटक्या बाजूने आत घेतली, शेंडा तोंडातून बाहेर काढून काठीला बांधला. मग घागर शेणखताच्या मातीने भरली, वर दगड ठेवला आणि पाणी घातलं.

राजा फेरफटक्याला आला. “दगड कशाला? वेल पळून जाईल म्हणून?”

“तिचा भरवसा आहे सरकार. माझाच हात चुळबुळ्या आहे, मुळं फुटली का ते रोज उकरून बघेल!”

पावसाळा सरला. दिवाळी झाली. राजकन्या परत निघाली, तसा हैबती कोयती घेऊन वेलीपाशी आला. घागरीतल्या फांदीला हिरवीगार पानं फुटली होती. त्याने फांदी हलकेच ओढून पाहिली. मुळांनी माती घट्ट धरली होती. मग वेल आणि घागर यांच्या मधोमध त्याने कोयती टेकवली.

“थांब!” राजा गरजला. “लोखंड! माझ्या आईच्या वेलीला लोखंड?”

हैबतीने कोयती चटकन पाठीमागे घेतली. पण बोलल्यावाचून सुटका नव्हती.

“सरकार, थोरली वेल जागची हललेली नाही. घागरीतली तिची लेक आता स्वतःच्या मुळांवर खाते-पिते आहे. मधली ही आहे ती नाळ!”

“नाळ?”

“होय सरकार! आपल्या जन्माच्या वेळी सुइणीने नाळ कापली, तेव्हा आईसाहेबांना कापलं असं कोणी म्हटलं का? आणि ती कापली नसती तर... सरकार आजवर दरबारात एकटे आले नसते!”

राजकन्येने पदर तोंडाला लावला. राजाच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले, आणि तो असा खदखदा हसला, की मुकुट सावरायला त्याला दोन्ही हात लावावे लागले!

“काप!” डोळे पुसत तो म्हणाला. “काप बाबा, आईने मला सोडलं, मी हिला सोडतो!”

नाळ कापली. घागर राजकन्येच्या शेजारी मेण्यात बसली. राजाने हातातलं सोन्याचं कडं काढून हैबतीच्या हातात घातलं. त्याने नमस्काराला हात वर केला, तसं काटकुळ्या मनगटावरून ते सरसर घसरत थेट दंडापर्यंत गेलं.

“सरकार,” हैबती म्हणाला, “हा हात दागिन्यासाठी केलेलाच नाही!”

“मग कमरेसाठी हा पट्टाही घे!” म्हणत राजा पुन्हा हसत सुटला.