जुरीची वेल

फार फार वर्षांपूर्वी, येरमगट्ट्याला रानातून एकच पायवाट जायची, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात जुरी नावाची बाई होती. आंब्या-ऐनाच्या झाडांवर लाल मुंग्या पानं शिवून घरटी करतात, ती उतरवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी मीठ-मिरचीत वाटली की चटणी व्हायची, पेजेत घातली की आजारी माणूस उठून बसायचं. मुंग्या तिच्या केसांतून फिरत पण तिला चावत नसत, असं म्हणतात.

एकदा सलग दोन वर्षं पाऊस आला नाही. शेतातलं कोदो धान्य जळालं, मोह फुलला नाही, नाला आटला. मग सगळं गाव मुंग्यांवर तुटून पडलं. जुरी रोज सकाळी रानात जाई. काल घरटं होतं तिथे आज मोडकी फांदी. शेवटी नाल्याकाठच्या एका आंब्यावर तीनच घरटी उरली. मधल्यात मुंग्यांची माय होती, हिरवट आणि जड. ती गेली की संपलं. आणि घरी जुरीची लेक तापाने फणफणत होती.

जुरी आंब्याखाली जाऊन बसली. लोक टोपल्या घेऊन आले. पुढे गायता होता, गावाचा प्रमुख.

"पोरं मरून राहिली, जुरी. अन् तू मुंग्या राखतेस?"

"कडेची दोन न्या, दादा," ती म्हणाली. "मधलं नको. आज हेही खाल्लं, तर उद्या काय खायचं तेवढं सांगा."

गायता झाडावर चढला. त्याने कडेची दोन उतरवली. सगळ्यांना एकेक द्रोण आला, जुरीलाही एकच.

मग तिने माहुलीच्या वेली आणल्या आणि त्या आंब्यापासून शेजारच्या झाडाला, तिथून पुढच्याला बांधल्या. मुंग्यांनी पुढच्या झाडांवर पसरावं म्हणून वेलीवर मेलेले नाकतोडे टांगले. मुंग्या हलेनात. आठ दिवसांत गावातली दोन पोरं गेली. जुरीला त्या घरांत जायचं धैर्य झालं नाही. आपण चुकलो तर, एवढंच ती लेकीच्या उशाशी बसून घोकत राही.

नवव्या दिवशी एक मुंगी वेलीवर चढली. मध्यावर थांबली. मागे वळली. मुंगी पुन्हा वळली आणि पलीकडे गेली. तिच्यामागे एवढी रांग लागली की वेल लाल दिसू लागली. पुढे त्या वेली आपोआप वाढल्या आणि एका हंगामात सात गावांना पोचल्या, असं म्हणतात. लेक वाचली. जुरी मात्र वेली बांधत बांधत रानात गेली, ती परत आलीच नाही.

आजही येरमगट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी दर घरामागे एक वेल दोन झाडांमध्ये बांधतात आणि खाली बसून राहतात. पहिली मुंगी वेल ओलांडेपर्यंत त्या दिवशी गावात चूल पेटत नाही. कधी ती लगेच येते. कधी ऊन कलतं तरी येत नाही. तेव्हा कोणी कोणाकडे बघत नाही.