दगड उलटून मारत नाही

फार फार वर्षांपूर्वी, न्यायापेक्षा रिवाज मोठा होता त्या काळी, एका राज्यात दोन कोष्टी भाऊ राहत होते. आईबाप लवकर गेले. थोरल्याने मागावर बसून धाकट्याला वाढवलं. घरात एकच भाकरी असली, तर ती धाकट्याच्या ताटात पडायची आणि थोरला म्हणायचा, "मला आज भूकच नाही."

एके दिवशी राजवाड्यातून जरीचा शेला हरवला. तो थोरल्याने विणला होता, म्हणून चोरीचा आळही त्याच्यावरच आला. राजाने फारशी चौकशी केली नाही. राजांना तशी सवयही नसते. थोरल्याला सुळावर चढवायचा हुकूम झाला.

एक वाट मात्र उरली होती. त्या राज्यात असा रिवाज होता, की गुन्हेगाराच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणीही राजाच्या मुष्टियोद्ध्यासमोर उभं राहावं. पाण्यावर सोडलेलं घटिकापात्र भरून बुडेपर्यंत तो आपल्या पायांवर उभा राहिला, तर शिक्षा माफ. जिंकायची गरजच नव्हती. नुसतं टिकायचं होतं.

"मी लढतो," धाकटा म्हणाला. त्याला दोन महिन्यांची मुदत मिळाली.

तो धावत गावातल्या म्हाताऱ्या वस्तादाकडे गेला. "वस्ताद, मला लवकर तयार करा."

वस्तादाने त्याचे काटकुळे दंड चाचपले. "लवकर कुणी तयार होत नाही, पोरा. पण जमेल तेवढं करू. पहाटे पळायचं आणि मग आखाड्याच्या हौद्यात उतरून माझ्या पठ्ठ्याचे ठोसे खायचे."

कोपऱ्यात दगडी नाल पडला होता. मूठ धरून उचलायचा तो जड दगड धाकट्याच्या डोळ्यांत भरला. "आणि हा उचलला तर? ताकद नाही का येणार?"

"येईल की! दोन वर्षं हाताशी असती, तर आधी तोच उचलायला लावला असता. आत्ताही दिवसाआड थोडा उचल, ठोशाला वजन येईल. पण तुला टिकायचंय. त्याला दम लागतो, आणि मार खाताना डोळे उघडे ठेवायची सवय लागते. ती दगड देत नाही."

पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने धाकट्याचं नाक फोडलं. कठड्यावर बसलेले लोक हसले. त्या दिवशी धाकट्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो हौद्यापर्यंत आला, थबकला आणि नालाकडे वळला. कसाबसा गुडघ्यापर्यंत उचलला. कालच हसलेला एक जण म्हणाला, "शाबास!"

झालं. त्या एका शब्दाने घात केला. रोज नाल, सकाळ-संध्याकाळ नाल. आज कमरेपर्यंत, परवा छातीपर्यंत. दंडांवर बेडकुळ्या उठल्या, सदऱ्याच्या बाह्या उसवल्या. "राजाच्या गड्याला हा एका ठोशात झोपवणार!" असं लोक म्हणू लागले, आणि बिचाऱ्याला ते खरं वाटू लागलं. गोड बोलणं कुणाला खरं वाटत नाही?

वस्ताद मात्र कळवळून सांगायचा, "अरे, दगड उलटून मारत नाही. जरा माणसासमोर उभा राहा. आणि नाल उचलताना श्वास कोंडतोस, तीच खोड लढतीत घेऊन जाशील."

"उद्यापासून नक्की, वस्ताद," धाकटा म्हणायचा. मनातून त्याला ठाऊक होतं, की हौद्यात नाक फुटतं आणि नालापाशी शाबासकी मिळते.

लढतीच्या आदल्या दिवशी तो कोठडीपाशी गेला. थोरल्याने गजांमधून हात घालून त्याचा दंड दाबून पाहिला. "केवढा झालास रे!" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. पहारेकरी सांगत होते, की त्या रात्री थोरला कितीतरी दिवसांनी शांत झोपला.

लढतीला सगळा गाव लोटला. घटिकापात्र पाण्यावर सोडलं आणि धाकट्याने पहिला ठोसा हाणला. ठोशाला खरोखर वजन होतं. राजाचा गडी दोन पावलं मागे हटला आणि लोकांनी एकच गिल्ला केला.

पण गडी जुना होता. तो पुढे आलाच नाही. नुसता भोवती फिरत राहिला आणि धाकटा हवेत ठोसे मारत राहिला. प्रत्येक ठोशाला त्याचा श्वास कोंडायचा, जसा नाल उचलताना कोंडायचा तसाच. छाती भात्यासारखी धपापू लागली. ते भरलेले दंड त्याला स्वतःलाच पेलवेनात. हात खाली आले, आणि राजाच्या गड्याने नेमका नाकावर ठोसा दिला.

धाकट्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी पुढचे ठोसे चुकवता येत नाहीत. तो गुडघ्यांवर आला.

"ऊठ! पात्र भरत आलंय, नुसता उभा राहा!" वस्ताद ओरडला. पाणी पात्राच्या काठाला लागलं होतं. धाकट्याने जमिनीवर हात टेकून जोर केला. छातीपर्यंत नाल नेणाऱ्या त्या हातांना स्वतःचं अंग उचलवलं नाही. तो तोंडावर पडला, आणि त्यानंतर पात्र बुडालं.

शिपाई थोरल्याला सुळाकडे घेऊन निघाले. धाकट्यापाशी येताच तो थांबला. धाकटा वर बघेना. थोरल्याने खाली वाकून विचारलं, "फार लागलं का रे?" आणि उत्तराची वाट न पाहता तो चालू लागला.

धाकटा पुढे पुष्कळ वर्षं जगला. त्याचे दंड तसेच भरलेले राहिले. परगावची माणसं वाटेत थांबून म्हणायची, "काय ताकद आहे हो तुमच्यात!" तेव्हा तो मान खाली घालून घरात जायचा आणि दार लावून घ्यायचा.

लहान-थोर हो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: नको ती मेहनत कितीही केली, तरी ती हव्या त्या मेहनतीची जागा घेत नाही.