मूळचे खैरोळकर

"पण आबानू, ह्येका खैरोळकर कसा म्हणू?"

विसरामने धनबहादूरकडे बोटही दाखवलं नाही, नुसती हनुवटी उडवली.

धनबहादूर आंब्याच्या बागेचा रखवालदार, नेपाळातून आलेला. सकाळपासून त्याची बायको बागेतल्या खोपीत अडली होती. सुईणीने हात टेकले, तेव्हा तो नारळ घेऊन, गाव जमला होता त्या देवराईकडे धावत आला.

आबा परबांनी जन्मभर गावाचं गाऱ्हाणं घातलं, गावाच्या वतीने देवाला साकडं घातलं. गाऱ्हाणं घालायचं ते खैरोळकरांसाठीच. आता त्यांचा आवाज बसला, म्हणून आज पहिल्यांदा शिष्याला पुढे केलं होतं. मान मिळाला की काहींची मान ताठते. विसराम त्यातलाच.

"मगे खैरोळकर कोण?" आबांनी विचारलं.

"जे मूळचे, ते."

"तुझी आवस?"

"ती लग्न होऊन इली. तिची गोष्ट येगळी."

"बरा. तसाच म्हण."

विसराम राईकडे तोंड करून उभा राहिला. मागे सारा गाव हात जोडून.

"बा म्हाराजा! जे मूळचे खैरोळकर, तेंचीच राखण कर रे म्हाराजा!"

यावर मागच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही रीत पोरासोरांनाही ठाऊक. पण कोणी तोंड उघडलं नाही. सुना खाली बघत राहिल्या. घाटावरून आलेला गिरणीवाला गप्प. विसरामची आईसुद्धा गप्प...

मग उत्तर आलं. मागून नव्हे. समोरून, जिथे कोणी पाऊल टाकत नाही त्या राईतून.

"व्हय म्हाराजा."

खूप गळे होते, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे. एक पान हललं नाही. त्यांतला एक आवाज शेवटचं 'म्हाराजा' जरा लांबवत होता. तसं लांबवायची सवय विसरामच्या बापाला होती, आणि बापाला त्यानेच अग्नी दिला होता.

 विसरामला त्या आवाजाकडे धावावंसं वाटलं, पळून जावंसंही वाटलं. 

"आबानू... ह्ये कोण?"

बागेकडून बाईची किंकाळी आली, आधीपेक्षा क्षीण. धनबहादूरने नारळ विसरामपुढे धरला.

आबांनी विसरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"मूळचे इले. आता जित्यांचा काय, ता सांग."